शहराची पैसेवारी कोण काढणार?

हरकतदार : पाणीपट्टीच्या मागणीपत्रावर वर्ष असते, रक्कम असते, मुदत असते, मुदत टळली तर लागणाऱ्या शास्तीचा इशारा असतो. त्या वर्षात नळाला किती दिवस पाणी आले, एवढाच रकाना नसतो. माझी हरकत त्या नसलेल्या रकान्याबद्दल आहे. छत्रपती संभाजीनगरात कधी पाच दिवसांनी पाणी येते, कधी आठ दिवसांनी, उन्हाळ्यात त्याहूनही उशिरा. नक्की केव्हा येईल याचा भरवसा नसल्याने घरातले कुणीतरी, आणि बहुतेक वेळा बाईमाणूसच, कामावरची रजा टाकून किंवा झोपमोड करून नळापाशी बसते. हे वाळवंटातले शहर नव्हे. जायकवाडी धरणाचा नाथसागर जलाशय पन्नासेक किलोमीटरवर आहे. धरणाचे दरवाजे उघडून गोदावरीत पाणी सोडावे लागते, त्या वर्षीही आमच्या गल्लीत टँकर फिरत असतो. म्हणजे हा पावसाचा दुष्काळ नाही, कारभाराचा आहे. 2006 च्या सुमारास समांतर जलवाहिनीची योजना आली. ती खासगी कंपनीकडे गेली, वाद झाले, 2016 मध्ये करार मोडला. मग 1,680 कोटींची नवी योजना आली. 12 डिसेंबर 2020 रोजी मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांच्या हस्ते तिचे भूमिपूजन झाले. पुढे तिचा आकडा 2,740 कोटींवर गेला, मुदतीमागून मुदती उलटल्या, आणि काम सरकते आहे की नाही हे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला तारखा लावून पाहावे लागले. एवढ्या वर्षांत ज्या कारभाराला नळ नीट चालवता आला नाही, तो माझ्यापुढे कोणत्या अधिकाराने मागणीपत्र ठेवतो? कर बुडवा, असे मी कुणाला सांगत नाही. मागण्याचा हक्क त्याने गमावला आहे का, हे विचारतो आहे.

समर्थक : तुमच्या हकीकतीतले एकही वाक्य मी खोडून काढणार नाही. पण कर म्हणजे दुकानातली खरेदी नव्हे. माल खराब निघाला, पैसे परत, असा तो व्यवहार नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1954 च्या शिरूर मठाच्या खटल्यात हा फरक मांडून ठेवला आहे : शुल्क एखाद्या ठरावीक सेवेपोटी घेतले जाते, कर सार्वजनिक कामासाठी घेतला जातो आणि भरणाऱ्याला त्याच्या बदल्यात अमुकच मिळेल असे वचन त्यात नसते. यात कोरडा कायदा आहे तसे शहाणपणही आहे. ज्यांच्या घरी कधी आग लागली नाही त्यांच्याही पैशावर अग्निशमन दल चालते. ज्यांची मुले महापालिकेच्या शाळेत जात नाहीत त्यांच्याही पैशावर ती शाळा उघडते. 2020 च्या जूनमध्ये चिकलठाण्याच्या मेल्ट्रॉनच्या इमारतीत महापालिकेचे कोविड रुग्णालय सुरू झाले, तेव्हा खाटेवर पडलेल्या माणसाला थकबाकीची पावती कुणी मागितली नाही. तुम्ही ज्याला अपयशी सरकार म्हणता ते नळाच्या बाबतीत अपयशी आहे, सगळ्याच बाबतींत नाही. अपयश खात्याखात्याचे असते आणि कराची तिजोरी एकच असते. पाण्याच्या रागाने तुम्ही ती बंद केलीत, तर पहिला फटका कुणाला बसेल? कंत्राटी सफाई कामगाराला. योजना रखडवणाऱ्याचा पगार त्या महिन्यातही होईल.

हरकतदार : शिरूर मठाचा आधार तुम्ही घेतलात म्हणून सांगतो, तो तुमच्यावरच उलटतो. घरपट्टीबद्दल तुमचे म्हणणे मला मान्य होईल. पण नळ असेल त्याच्याकडून वर्षाला ठरावीक रक्कम घ्यायची आणि तिला पाणीपट्टी म्हणायचे, हे सेवेचे मोल नाही तर दुसरे काय आहे? आणि हे मी एकटा म्हणत नाही, सरकारने स्वतःच कबूल केले आहे. 2022 च्या मे महिन्यात या शहरात पाण्यावरून लोक रस्त्यावर आले, विरोधी पक्षाने जलआक्रोश मोर्चा काढला, आणि त्याच महिन्यात 4,050 रुपयांची पाणीपट्टी 2,025 वर आली. एका निर्णयात निम्मी! सेवा आणि मागणी यांचा संबंध नसता, तर ही कपात कशासाठी? पाणी नीट देता येत नाही म्हणून पैसेही पूर्ण मागता येत नाहीत, हे तत्त्व त्या दिवशी सरकारी निर्णयात उतरले. मी फक्त तेच पुढे नेतो आहे. निम्म्या अपयशाला निम्मी माफी असेल, तर पुऱ्या अपयशाला काय?

आणि ही ओरड आजची नाही. महात्मा फुल्यांनी 1882 मध्ये हंटर आयोगापुढे जे निवेदन दिले, त्याचा गाभा हाच होता : सरकारचा बहुतेक महसूल शेतकऱ्याच्या घामातून येतो आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या पदरात पडतो. कोण भरतो आणि कुणाला मिळते, हा प्रश्न विचारायला आपल्याकडे कुणी परदेशी पंडित यावा लागला नाही.

समर्थक : फुल्यांचे नाव घेतलेत ते बरे केलेत, कारण त्यांचा प्रश्न मला इथे तुमच्याविरुद्धच मांडायचा आहे. फुल्यांनी हिशेब मागितला तो भरणाऱ्याच्या बाजूने, पण सगळ्यांत कमी मिळणाऱ्यासाठी. 2022 ची कपात कुणाच्या पदरात पडली? ज्यांच्या घरी अधिकृत नळ आहे त्यांच्या. 2015 च्या सुमारास सातारा-देवळाईचा भाग महापालिकेत आला. तिथे आणि गुंठेवारीच्या कितीतरी वसाहतींत जलवाहिनीच नव्हती. त्यांना ड्रमने नाहीतर टँकरने पाणी विकत घ्यावे लागले. पाणीपट्टी निम्मी झाल्याने त्यांचा एक रुपयाही वाचला नाही. उलट पाणीपुरवठ्याचे उत्पन्न घटले, आणि नवी वाहिनी त्यांच्या गल्लीत पोहोचण्यासाठी जो पैसा हवा तो आणखी दूर गेला. नाथसागरातून शहरापर्यंत पाणी उताराने येत नाही, ते उपसून चढवावे लागते. पाणी आठ दिवसांनी आले तरी पंपाचे वीजबिल दर महिन्याला येते.

नारेगाव आठवा. शहराचा कचरा तीसहून अधिक वर्षे तिथे पडत राहिला. 2018 च्या फेब्रुवारीत नारेगाव-मांडकीच्या लोकांनी गाड्या अडवल्या, तेव्हा शहराला पहिल्यांदा आपल्या कचऱ्याचा वास आला. मार्चमध्ये तोच कचरा मिटमिट्याकडे वळवला, तिथे दगडफेक झाली, लाठ्या चालल्या. या कारभाराच्या अपयशाची सर्वांत मोठी किंमत कुणी मोजली? ज्यांच्या विहिरी खराब झाल्या त्यांनी. त्यांतले कितीतरी जण महापालिकेचे करदातेही नव्हते. कर रोखणे हेच नागरिकाचे हत्यार मानले, तर ज्याच्याकडे रोखायला करच नाही त्याच्या हाती काय उरते? तुमचे तत्त्व मालमत्ता असणाऱ्याला आवाज देते आणि नसणाऱ्याला गप्प बसवते. मला त्याची भीती वाटते.

हरकतदार : हा आक्षेप मला लागला. माझ्याकडे त्याचे पुरते उत्तर नाही. पण टँकरने पाणी घेणारा दोनदा भरतो हेही त्याच दमात सांगा. एकदा घरपट्टी, एकदा टँकर. त्याच्या वतीने तुम्ही मला कर भरायला सांगता. त्याला विचारले, तर तो मला थांबवेल की माझ्या शेजारी येऊन उभा राहील? नारेगावच्या लोकांनी तरी काय केले? त्यांनी कर रोखला नाही, पण गाडी रोखली. ज्याच्या हाती जे होते ते त्याने रोखले. आणि तीस वर्षांच्या अर्जांनी जे झाले नव्हते ते त्यानंतर हलले.

मला त्याहून मोठी गोष्ट बोलायची आहे. 2020 च्या एप्रिलमध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली. पुढची निवडणूक झाली 2026 च्या जानेवारीत. मधली पावणेसहा वर्षे या शहरात एकही नगरसेवक नव्हता. प्रशासकच प्रस्ताव मांडणार, प्रशासकच स्थायी समिती, प्रशासकच सर्वसाधारण सभा. त्या काळात घरपट्टीची मागणी थांबली होती का? शास्ती थांबली होती का? अमेरिकेतल्या वसाहती 1765 च्या स्टॅम्प कायद्यावर उठल्या त्या कर जड होता म्हणून नव्हे. ज्या सभागृहात आपला माणूस नाही त्याने आपल्यावर कर बसवू नये, एवढेच त्यांचे म्हणणे होते. आपण पावणेसहा वर्षे तसेच भरत राहिलो आणि कुणाला त्यात वावगे दिसले नाही. चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने नागरी स्वराज्य संस्थांची मुदत पाच वर्षांची ठरवली आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक घ्या असे सांगितले. ते बंधन पाळले नाही, तर सरकारला दंड काय? काही नाही. आणि मी पाणीपट्टी उशिरा भरली तर? दरमहा दोन टक्के शास्ती. बंधन दोन्हीकडे आहे, दंड एकीकडेच. तुम्हाला हे न्याय्य वाटते?

समर्थक : नाही, वाटत नाही. त्या वर्षांबद्दल मी कारभाराची बाजू घेणार नाही. निवडणुका आरक्षणाच्या आणि प्रभागरचनेच्या खटल्यांत अडकल्या, हे कारण झाले, समर्थन नव्हे. नळ कोरडा पडण्यापेक्षा मला ते अपयश मोठे वाटते, कारण कोरड्या नळाबद्दल जाब विचारायची जागाच त्यात बंद झाली. तरीही एक भेद पाहा. कायद्याने बसवलेली मागणी कायम होती, सभागृह नव्हते. प्रतिनिधी नसताना नवा कर बसवणे एक, आणि आधीच्या सभागृहांनी बसवलेला कर वसूल करत राहणे दुसरे. पहिल्याला माझा विरोध आहे. दुसरे थांबवले असते, तर शहरच थांबले असते.

हरकतदार : आणि ते थांबायला नको म्हणून आम्ही काहीही चालवून घ्यायचे? निजामाच्या काळात मराठवाड्याने असे चालवून घेतले नाही. 1947-48 च्या लढ्यात हैदराबाद स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी करोडगिरीचे नाके उद्ध्वस्त केले, लेव्हीचे धान्य द्यायला गावांनी नकार दिला, सरकारचे अबकारी उत्पन्न बुडावे म्हणून शिंदीची झाडे तोडली. तिजोरीचा ओघ आटवणे हा लढ्याचा भाग होता, आणि 17 सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनी, आपण त्याच लढ्याला मानवंदना देतो. स्वातंत्र्यानंतरच्या काळातले हवे असेल, तर 2016 चे घ्या. अण्णाभाऊ साठे विकास महामंडळातल्या घोटाळ्याचे प्रकरण नागपूर खंडपीठापुढे होते. न्यायमूर्ती अरुण चौधरी यांनी त्या वेळी म्हटले की, भ्रष्टाचार असाच चालू राहिला तर नागरिकांनी असहकार पुकारून कर भरायला नकार द्यावा. हे मोर्चातल्या वक्त्याचे बोलणे नव्हे, उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींचे आहे.

समर्थक : ते वाचले तेव्हा मीही हललो होतो. पण तो उद्वेग होता, आदेश नव्हता. त्या निकालाचा हवाला देऊन कुणाची घरपट्टी माफ झालेली नाही. आणि निजामाची तुलना मला पटत नाही. रझाकारांच्या राज्यात लोकांना मतच नव्हते. ते सरकार सुधारायचे नव्हते, घालवायचे होते. तिजोरी आटवणे तिथे योग्य होते, कारण ती तिजोरी आपली नव्हती. महापालिकेची तिजोरी आपली आहे, अगदी वाईट हातांत असली तरी. बार्डोलीतही 1928 मध्ये सारा रोखला तो सरकार बुडवण्यासाठी नव्हे. वाढ चुकीची आहे, चौकशी करा, एवढीच मागणी होती. चौकशी झाली, वाढ कमी झाली, शेतकऱ्यांनी सारा भरला. ती करबंदी उघड होती, सगळ्यांची मिळून होती, आणि कशाने थांबेल हे आधीच सांगितलेले होते. गुपचूप थकवून मार्चअखेर सवलतीची वाट पाहणे म्हणजे करबंदी नव्हे. तुम्ही म्हणता तसा तत्त्वाने कर न भरणारा माणूस या शहरात क्वचित भेटतो. थकबाकीदार पुष्कळ भेटतात. त्यांतले बरेच मोठ्या इमारतींचे धनी आहेत, आणि शास्तीमाफीची योजना आली की रांगेत तेच पुढे असतात. वेळेवर भरणाऱ्या नोकरदाराला त्या दिवशी आपण मूर्ख ठरलो असे वाटते. तुमच्या तत्त्वाचा पहिला लाभ या मोठ्या थकबाकीदाराला होईल.

शिवाय आणखी एक बघा. जीएसटी तुम्हाला रोखता येत नाही. चहाच्या पुड्यात, मोबाइलच्या रिचार्जमध्ये तो आधीच कापला जातो. डिझेलवरचा करही तसाच. हातात धरता येण्यासारखे मागणीपत्र फक्त महापालिकेचे असते. जकात गेली, तिच्या जागी आलेला स्थानिक संस्था कर (एलबीटी) 2015 मध्ये बहुतांशी उठला, आणि तेव्हापासून महापालिका वरून येणाऱ्या अनुदानावर आणि आपल्या घरपट्टीवर जगते. तुमचा राग तुमच्या सर्वांत जवळच्या आणि सर्वांत दुबळ्या सरकारवर निघतो. जे दूरचे आणि बळकट आहे त्याला त्याची झळही पोहोचत नाही.

हरकतदार : मग उपाय सांगा. मी न्यायालयात जातो म्हटले, तर कर-आकारणीविरुद्धच्या अपिलात आधी मागणीची रक्कम भरा, मग बोला, असा नियम आहे. मतपेटी म्हणाल, तर ती पावणेसहा वर्षे बंद होती. अर्ज म्हणाल, तर त्यांचे गठ्ठे आहेत.

समर्थक : उपाय आपल्याच मातीत आहे आणि मराठवाड्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला तो ठाऊक आहे. पैसेवारी. नेहमीचे पीक रुपया धरून त्या वर्षीचे पीक पन्नास पैशांच्या खाली आले की गाव दुष्काळी ठरायचे, आणि मग जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या वीजबिलात सवलत, मुलांची परीक्षा फी माफ. म्हणजे राज्याने हे मान्य केले आहे की, काही परिस्थितीत मागणीच अन्याय्य ठरते आणि ती आपणहून मागे घ्यायला हवी. 1896-97 च्या दुष्काळात टिळकांनी नेमके हेच धरले. दुष्काळ संहितेने जी सूट दिली आहे ती मागा, सारा भरण्यासाठी गुरे-भांडी विकू नका, हे पुण्याच्या सार्वजनिक सभेच्या माणसांनी गावोगाव जाऊन सांगितले. सरकार एवढे चिडले की त्याने सभेची मान्यता काढून घेतली. पण त्यांनी बंड पुकारले नव्हते. सरकारला त्याचाच कायदा वाचून दाखवला होता. मग शहराची पैसेवारी का नसावी? वर्षात ठरल्यापेक्षा कमी दिवस पाणी आले, तर त्या प्रमाणात मागणीपत्रावरची रक्कम आपोआप घटेल, असा नियम महापालिकेच्या कायद्यात घाला. आणि ज्यांच्याकडे जलवाहिनीच नाही त्यांच्या घरपट्टीत ती सूट सर्वांत मोठी ठेवा. म्हणजे तुम्ही मागितलेला रकाना मागणीपत्रावर येईल, आणि गुंठेवारीतला माणूसही वगळला जाणार नाही.

हरकतदार : कल्पना मला आवडली, म्हणूनच तिच्यावर अधिक कठोरपणे बोलतो. 2022 मध्ये काय झाले? सरकारने शहराची पैसेवारी पन्नास पैसे लावली आणि पट्टी निम्मी केली. पुढे? पाण्याचे दिवस जिथल्या तिथे राहिले. सूट देणे सरकारला काम करण्यापेक्षा सोपे गेले. जे अपयश पैशात फेडता येते, ते दूर करण्याची घाई कुणाला असते? तुमच्या नियमाने अपयशाचा दर ठरेल, अपयश संपणार नाही. आणि नव्या पाणी योजनेतल्या महापालिकेच्या वाट्यासाठी 800 कोटींहून अधिक कर्ज काढायची वेळ आली. ते कर्ज कोण फेडणार? ज्यांना आज सूट मिळेल तेच, किंवा त्यांची मुले.

दुसरे अधिक गंभीर आहे. गावाची पैसेवारी कोण काढते? महसूल खाते. शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे की, शेत उभे वाळले तरी कागदावर पैसेवारी बावन्न-पंचावन्न येते, कारण पन्नासच्या खाली गेली तर सरकारचाच खर्च वाढतो. 2016 च्या केंद्राच्या दुष्काळ नियमावलीनंतर पाऊस, उपग्रहावरून दिसणारी पिकाची स्थिती असे निकष आले, तरी निकष लावणारे हात तेच राहिले. शहरात पाणी किती दिवस आले हे कोण मोजणार? पाणीपुरवठा विभागच ना? ज्याने चुकायचे त्यानेच चूक मोजायची! मलिक अंबरची गोष्ट इथे सगळे सांगतात : त्याने इजारेदारी मोडली, प्रत्यक्ष पीक पाहून सारा बसवला, 1610 मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवली आणि तिच्यासाठी डोंगरातून जमिनीखालून नहर आणली. त्याला कुणी निवडून दिले नव्हते, तरी त्याचे पाणी पुढे शतकानुशतके चालले. आम्ही निवडून दिलेल्यांचे चालत नाही. मग वैधता मतातून येते की पाण्यातून?

समर्थक : अंबरचे पाणी चालले ते अंबर चांगला होता म्हणून. तो वाईट निघाला असता, तर खडकीच्या माणसाला काय करता आले असते? ती नहर कृपेची होती. महापालिकेची जलवाहिनी हक्काची आहे, म्हणूनच तिच्यासाठी आपण भांडू शकतो. मोजणी कुणी करायची याचे उत्तर मी देतो : प्रभागातल्या लोकांनी. प्रभागाच्या नोंदवहीत पाण्याचे दिवस रोज लिहिले जावेत आणि सभागृहाने ती नोंद मंजूर केल्याशिवाय पुढच्या वर्षाचे मागणीपत्र निघू नये. आता नगरसेवक आहेत. त्यांच्याकडून पहिल्याच अर्थसंकल्पात हे मागा.

हरकतदार : मागेन. नोंदही ठेवीन, शेजाऱ्यांनाही ठेवायला सांगेन. पण नगरसेवक ती नोंद मंजूर करणार कुणासाठी? त्यांचा पक्ष राज्यातही सत्तेत असेल, तर शहर पन्नास पैशांच्या खाली आहे असे स्वतःच्याच सरकारविरुद्ध लिहून द्यायची त्यांची छाती होईल? ती झाली नाही, तर त्या वर्षीचे मागणीपत्र मी भरायचे की नाही, हे तुम्ही मला अजून सांगितलेले नाही.

समर्थक : भरा, आणि भरताना हरकत लिहून द्या. तुमच्या हरकतीवर सातारा-देवळाईच्या माणसाचीही सही घ्या. त्याने सही करायला नकार दिला, तर त्याचे कारण मला येऊन सांगा, कारण ते कारण तुमच्या आणि माझ्या दोघांच्याही बोलण्यात अजून आलेले नाही.

हरकतदार : आणि त्याने सही केली, पण भरू नका म्हणाला तर?